सलालाचं विमान

सलालाहून फोन आला तेव्हा शिवदास मेडिकलच्या दुकानात काउंटरशी उभा राहून बोलला. चाळीजवळ फोन तेवढाच होता. पलीकडे नंदू होता, शिवदासच्या भावाच्या, राजारामच्या खोलीत राहणारा, गावचाच. राजाराम सकाळी कामावर छातीत दुखून गेला, एवढं सांगून तो थांबला. मग म्हणाला, "वहिनींचं गुरुवारचं तिकीट आहेच ना? येऊ दे त्यांना. मी शनिवारपर्यंत थांबवतो सगळं. त्यापुढे इथे कोणी ऐकणार नाही."

शिवदासने रिसीव्हर ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसला. दुकानदाराने पाणी आणून दिलं. वर गॅलरीत त्याची वहिनी, वनमाला, कपडे वाळत घालत होती.

राजाराम आखातात, सलालात, एका कंपनीच्या गोदामावर होता. मधे दोनदाच घाटकोपरला येऊन गेला. या खेपेला त्याने बायकोलाच तिकडे बोलावलं. व्हिसा आला, तिकीट आलं. वनमाला कधी विमानात बसली नव्हती. मस्कतला विमान बदलायचं होतं, तेही एकटीने.

शिवदासने बायकोला, शकुला, जिन्यात गाठून सांगितलं. तिने कठडा धरला. वहिनीला आत्ता कळलं तर ती इथेच कोसळेल, विमानात चढणार कशी, मग दादाचं तोंडसुद्धा दिसायचं नाही, असं त्याचं म्हणणं. तिकडे उतरल्यावर नंदू सांगेल. शकुने नुसती मान हलवली.

"फोन कोणाचा होता, भावजी?" वनमालाने रिकामी बादली मोरीत ठेवत विचारलं.

"नंदूचा. दादाला ड्युटी आहे. तुला न्यायला तोच येणार आहे."

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने भरलेली बॅग पुन्हा उघडली. सुकटीची चटणी आणि बोंबलांचा डबा बाहेर काढून शकुपुढे ठेवला. वजन होतंय, म्हणाली. कोकमं आणि कुळथाचं पीठ राहू दिलं.

शेजारचे अण्णा सहारच्या नव्या विमानतळावर लोडर होते. कामावरून आले की वनमालाची तयारी करून घ्यायचे. पासपोर्ट हातात ठेवायचा. बोर्डिंग कार्ड फेकायचं नाही. मस्कतला आधी शिक्का, मग बॅग, मग सलालाच्या रांगेत उभं राहायचं. एवढं तिला पाठ झालं होतं. गाडं अडत होतं एकाच ठिकाणी. अण्णा खुर्चीत साहेब होऊन बसायचे आणि नवऱ्याचं नाव विचारायचे, की वनमालाचा पदर तोंडाला.

गेल्या आठवड्यात यावरून सगळे हसून हसून दमले होते.

"लिहिलंय की त्यात," ती पासपोर्ट पुढे करून म्हणाली होती.

"वाचता येतं गं त्यांना. तुझ्या तोंडून ऐकायचं असतं. गप्प राहिलीस तर बाजूला बसवतील. विमान काय तुझ्यासाठी थांबतंय?"

"उखाणा घ्या ताई," शकुने मधेच टोमणा मारला. "साहेब खूश होईल."

"लग्नात घेतला तेवढा पुरे. एरवी नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी होतं. मी नाही घ्यायची."

बुधवारी अण्णा नेहमीसारखे आले. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी प्रश्न विचारला. वनमाला खाली बघत राहिली. आज नको अण्णा, वेळ आली की बघू, म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

शिवदासला रात्रभर झोप नाही. बाजूला बसवलं तर शनिवार हातचा जाणार. सकाळी त्याने अण्णांना गाठलं, तिच्या वतीने काउंटरवर बोला म्हणून विनवलं. अण्णा म्हणाले, तिथे मला कोण विचारतंय? लांबून लक्ष ठेवीन.

निघताना शकुने कुंकवाची डबी आणली. तिचं बोट हवेतच थांबलं. वनमालाने तिचा हात धरून आपल्या कपाळाला टेकवला.

"घाबरतेस काय? जाईन मी नीट."

सहारला दाराशी शिवदासला अडवलं. तो वाकून तिच्या पाया पडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"घरी गेल्यावर दोन घास खा, भावजी. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

मग पासपोर्ट हातात धरून ती आत गेली. मागे अण्णा.

शिवदास बाहेर रेलिंगला टेकून उभा राहिला. ऊन चढलं. माणसं आपापल्या माणसांना हात करून परतत होती. बऱ्याच वेळाने अण्णा रुमालाने मान पुसत आले. हसत होते.

"तुझी वहिनी झकास निघाली रे. उगाच आपण घाबरलो."

"विचारलं का?"

"विचारलं ना. साहेबाने पासपोर्ट चाळला, मान वर केली, म्हणाला, नवऱ्याचं नाव? माझाच जीव वर-खाली. म्हटलं, लागला आता पदर तोंडाला."

"मग?"

"मग काय? सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, राजाराम धाकू घाडी. खणखणीत. पदराला हातसुद्धा लावला नाही. शिक्का घेतला आणि गेली."

शिवदासला गेल्या आठवड्यातलं तिचं बोलणं आठवलं. इमारतीमागून एक विमान वर चढलं. हेच असणार, असं म्हणत अण्णा बोट दाखवत राहिले.

दादासाठी वहिनीजवळ बसून रडायचं राहून गेलं होतं.