उसनं कार्ड

स्पेनला निघायला दोनच दिवस उरले, तेव्हा नोरीनला आपल्या आरोग्य कार्डाची मुदत संपल्याचं दिसलं.

"ताई, तुझं दे ना. तिकडच्या सरकारी इस्पितळात चालतं. फोटो कुठे असतो त्याच्यावर? नाव तुझं, दुखणं माझं!"

"पकडली गेलीस तर दोघी आत जाऊ," दर्व्हला कुरकुरली. पण दिलं.

नवव्या दिवशी आयर्लंडमध्ये, गॉलवेच्या घरी, दर्व्हला सरकारी खर्चाने होणाऱ्या आपल्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी बॅग भरत होती. फोन वाजला. स्पेनच्या इस्पितळातली बाई होती.

"दर्व्हला कॅनव्हन सकाळी वारल्या. तुमच्या आरोग्य खात्यालाही तसं कळवलंय, त्यांनी त्यांचं नाव यादीतून काढलंय. आपण कोण?"

दर्व्हलाने हातातला टॉवेल बॅगेवर ठेवला.

"नोरीन," ती म्हणाली. "धाकटी बहीण."

फोन ठेवून ती बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागली.