त्रेपन्नावा दरवाजा

गयासनं चहाचा कप सांडूपुढं सरकवला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसला. औरंगपुऱ्यात भावाच्या कूलर दुरुस्तीच्या दुकानात तो आता दिवसभर असायचा. सांडूची इथली ही सहावी खेप होती.

"सांडूभाई, तुम्ही माझ्यापेक्षा मोठे. पण त्याचं नाव काढायचं असेल तर चहा पिऊन निघा."

सांडूनं चहा प्यायला. बद्रीनाथचं नाव काढलं नाही.

गुलमंडीतल्या दुकानात कापड फाडता फाडता सांडूची पस्तिशी उलटली होती. दारू नाही, पत्ते नाहीत. नाद म्हणावा असा एकच, 'त्रेपन्नावा दरवाजा'. शहराला बावन्न दरवाजे, त्रेपन्नावा आम्ही, असं म्हणत तीन पोरांनी काढलेला रॉक बँड. गायला गयास, गिटारवर बद्रीनाथ, ड्रमवर मजीद. गाणी मराठीत, मध्येच दखनीत. नळाला न येणाऱ्या पाण्यापासून कंपनीतल्या रात्रपाळीपर्यंत सगळं त्यांत यायचं. गणपतीत, उरुसात, कॉलेजच्या गॅदरिंगला, जिथं बँड तिथं सांडू हजर. वायरी उचलायचा, गर्दी मागं सारायचा आणि कार्यक्रम सुरू झाला की साउंडच्या मशीनशेजारी उभा राहायचा. तिथं सगळ्यात चांगलं ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं.

देवासाठी एवढं केलं असतं तर आतापर्यंत पावला असता, असं त्याची बायको मनकर्णा म्हणायची. सांडू नुसता हसायचा. पोरं गायला लागली की दिवसभराचं गिऱ्हाइकांचं बोलणं, मालकाचं तोंड, सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं जायचं. हे सुख कधी संपेल ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

आणि ते संपलं, एकाच संध्याकाळी.

मुंबईहून कॅसेट कंपनीचा माणूस ऐकायला आला होता. हा फक्त गायक उचलतो, वाजवणारे त्याच्याकडं ढीगभर पडलेत, हे दुपारपासूनच सगळ्यांच्या कानावर होतं. बँडची एक शिस्त होती. कार्यक्रमाआधी मशीनवरची सगळी बटणं बद्रीनाथ स्वतः लावायचा, मग खुद्द रामकिसन साउंडवाल्यानंही त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशीही त्यानंच लावली. गयास जीव तोडून गायला. मंचावर पायाशी ठेवलेल्या स्पीकरच्या पेटीतून त्याला स्वतःचा आवाज ठणठणीत येत होता. मैदानात मात्र गिटार आणि ड्रमच्या गदारोळात तो कुणाला ऐकूच आला नाही. मुंबईवाला चौथ्या गाण्याला उठून गेला.

लोकांनी सांगितल्यावर गयासनं मंचामागंच बद्रीनाथची गचांडी धरली.

"तू माझा आवाज दाबला. मी पुढं जाईन म्हणून दाबला."

बद्रीनाथ नाही म्हणाला. एकदाच. मग गिटार उचलून चालता झाला. महिन्याभरात मजीदही लग्नाच्या वरातीत ताशा वाजवायला लागला.

सांडूला अन्न जाईना. कापड वाकडं फाटायला लागलं, मालकाची बोलणी खावी लागली. घरातलं माणूस गेल्यासारखा तो हिंडत होता, आणि गेलेल्यासाठी रडता तरी येतं, इथं तिघंही धडधाकट समोर होते. सुट्टी मिळेल तेव्हा तो एकदा गयासकडं जायचा, एकदा मुकुंदवाडीला बद्रीनाथकडं.

बद्रीनाथ आता चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला होता. गिटार त्यानं माळ्यावर टाकली होती.

"एकदा सांगितलं, म्या नाय केलं म्हणून. ज्याला माझा भरवसा नाय, त्याला किती वेळा सांगू?"

"झालं गेलं जाऊ द्या," सांडू म्हणाला. "एकदा भेटा फक्त."

"तुम्ही आमच्यासाठी लई करता, सांडूभाऊ. सख्ख्या भावानं नसतं केलं."

सांडू उठून चपला शोधायला लागला.

भेट राहूनच गेली. थंडीत एका सकाळी पाळी संपवून येताना जालना रोडवर ट्रकनं बद्रीनाथच्या मोटारसायकलला उडवलं.

स्मशानात गयास आला. सगळ्यांपासून लांब, डोक्यावर रुमाल टाकून उभा राहिला. सांडू सरणाजवळ होता. गयासनं त्याला बाजूला बोलावून घेतलं. त्याचे डोळे सुजले होते.

"सांडूभाई, आमच्यात मयताला कहासुना, म्हणजे बोललं-चुकलं सगळं, माफ करतात. त्याशिवाय त्याच्या मानेवरचं ओझं उतरत नाही. पण त्यानं केलं असेल तरच मी माफ करणार ना? नसेल केलं, तर गुन्हेगार मी. मग मी या तोंडानं आयुष्यात गाणार नाही. तुम्ही मशीनजवळ होते. खरं सांगा, त्यानंच केलं?"

सांडूनं सरणाकडं पाहिलं. बद्रीनाथच्या तोंडावरून कुणीतरी कापड बाजूला सारत होतं.

"व्हय," तो म्हणाला.

गयास पुढं झाला. बद्रीनाथच्या पायांवर हात ठेवून चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाई, तू माझा आवाज दाबला, ते मी माफ केलं." आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन उभे असलेले बद्रीनाथचे वडील, तात्यासाहेब, हे ऐकून खाली बघायला लागले. मडकं त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलं आणि गयाससमोर हात जोडले. पोराच्या वतीनं मी माफी मागतो, असं काहीसं ते पुटपुटले. जमलेल्या लोकांत कुजबुज झाली.

त्या संध्याकाळी बद्रीनाथनं गयासचं बटण पार वर नेऊन ठेवलं होतं. तो मंचाच्या पायऱ्या चढून गेल्यावर, मुंबईवाल्यानं गयासला नेऊ नये म्हणून, ते खाली ओढलं होतं सांडूनं.