कळशीवरचं नाव

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात पुष्पलतानं भाचीच्या आहेरासाठी पितळेची कळशी घेतली. नाव कोरणाऱ्यानं छिन्नी टेकवून विचारलं, "बाई, 'सौभाग्यवती' टाकू का 'श्रीमती'?" कित्येक वर्षांपूर्वी कन्हानच्या खाणीत कामाला गेलेले तिचे यजमान परतलेच नव्हते, बरंवाईट झाल्याचीही खबर नव्हती. ती अजून कुंकू लावत होती, त्यांच्यासाठी सोमवार धरत होती. "सौभाग्यवती टाकलं तर मांडवात बाया हसतीन," सोबत आलेली वहिनी कुजबुजली, "अन् श्रीमती लगनात बरं नाही दिसत वं." 'श्रीमती' म्हणणं म्हणजे त्यांना आपल्याच तोंडानं संपवणं. पुष्पलतानं महादेवाचं नाव घेऊन 'सौभाग्यवती' म्हणायला ओठ उघडले, पण आवाज फुटेना. शेवटी ती म्हणाली, "नुसतं 'आत्याकडून' टाका भाऊ." छिन्नी ठकठकू लागली. "बरं सुचलं तुले," वहिनी म्हणाली. पुष्पलताला ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाचीच लाज वाटली.