किलोला चार लिटर

बिअरसाठी दळलेला पाच किलो बार्लीचा भरडा ऋजुता कढत पाण्यात ओतत होती. किलोला तीन लिटर पाणी पुरलं असतं. तिने चार घेतलं होतं. भरडा संपायच्या आतच पातेलं उतू गेलं.

शेगडी विझली. गॅसचा वास पसरला. ती बटणाकडे झेपावली, पण त्यावरूनच कढत पाण्याची धार वाहत होती. तेवढ्यात शेजारच्या देवघरात काड्यापेटी वाजली. सासूबाई दिवा लावायला बसल्या होत्या.

"आई, काडी ओढू नका!"

उत्तर आलं नाही. घरात दारू करते म्हणून आठवडाभर त्या तिच्याशी बोलत नव्हत्या. त्यांनी ऐकलं की नाही, हेच तिला कळेना.

तिने धारेत हात घालून बटण बंद केलं आणि किंचाळत देवघरात धावली. सासूबाई काडी हातात धरून तशाच बसल्या होत्या, पांढऱ्याफटक.

खिडक्या उघडून त्यांनी ऋजुताचा भाजलेला हात नळाखाली धरला. 

"धान्य आत गेलं की पाणी वर येणारच," त्या पुटपुटल्या. "मला विचारायचं होतंस."