मागची काच

"अनुदानासाठी अपात्र. तुमच्या नावावर चारचाकी आहे," सेवा केंद्रातल्या बाई म्हणाल्या.

कडेवरचं बाळ सावरत शलाका कसनुसं हसली. "अहो ताई, लॅबमधली नोकरी सुटून चार महिने झाले. माझ्या नावावर साधी सायकल नाही!"

बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तो नंबर तिला पाठ होता. दसऱ्याला थोरल्या दिरांनी पांढरी गाडी आणली, तेव्हा तिनंच तिला ओवाळलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी, रेशनकार्डात बाळाचं नाव घालायचंय म्हणून दीर तिचं आधार कार्ड घेऊन गेले होते. बाळ रडत होतं, म्हणून तिनं कागद न वाचताच सह्या केल्या होत्या. गाडी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली असती, तर जाऊबाईंना मिळणारं हेच अनुदान बंद झालं असतं.

शलाकानं स्क्रीनवरची ती नोंद कागदावर छापून घेतली आणि घरी चकार शब्द काढला नाही.

रविवारी दीर अंगणात गाडी धूत होते. जाऊबाई पायरीवर चहा पीत बसल्या होत्या. शलाका बाळाला घेऊन बाहेर आली.

"भाऊजी, जरा नीट पुसा. मागची काच राहिलीय."

"गाडी काय तुझ्या बापाची आहे का गं?" जाऊबाई फणकारल्या.

"बापाची नाही, ताई. माझी." तिनं कागदाची घडी उलगडून दिरांच्या ओल्या हातात ठेवली. "खुंटीवरची चावी मी काढून घेतलीय. अकरा वाजता गिऱ्हाईक येतंय."