सात लिव्हरचं कुलूप

कुलूप पाच वाजेपर्यंत टिकलं की झालं, एवढंच मिस्त्रीच्या बायकोचं म्हणणं होतं. बँकेला मिळालेला घराचा ताबा घ्यायचा हुकूम आजच्यापुरता होता. आज दार उघडलं नाही, तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तेवढ्या अवधीत एक मास्तर घर विकत घ्यायला तयार होते. बँकेचं कर्ज फिटून, कुठेतरी दोन खोल्या भाड्याने घेण्याइतके पैसे हातात उरले असते. लिलावात गेलं, तर नुसतं हात चोळत बसायचं.

म्हणून दोघं सकाळीच दार लावून समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात, कपड्यांच्या गठ्ठ्यांआड येऊन बसली होती. चावी तिच्या मुठीत होती.

"काही झालं तरी तोंड उघडायचं नाही," तिने बजावलं होतं. "तुमची जीभ कुठे गप्प बसते!"

समोर पायरीवर बँकेचे साहेब, एक पोलीस आणि बँकेने आणलेला चावीवाला. दार लोखंडी होतं आणि कुलूप दाराच्या पोटात बसवलेलं. दार कापलं की घराची किंमत उतरते, म्हणून साहेब कापू देत नव्हते. चावीवाला दोन तास गुडघे टेकून तारा फिरवत होता.

"मिस्त्री, कुलूप आहे की सासूचं कपाट?" इस्त्रीवाला हळूच म्हणाला. "जरा म्हणून हलत नाही."

मिस्त्रीला हसू आवरेना. कुलपांचा कारखाना बंद पडल्यापासून, दीड वर्षात, त्याच्या कामाला कुणी बरं म्हटलं नव्हतं. हे कुलूप त्याने शेवटच्या आठवड्यात स्वतःसाठी बनवलं होतं.

पावणेपाचला चावीवाल्याने घाम पुसला. गल्ली अरुंद होती, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"साहेब, कुलूपच भंगार आहे. आत सगळं गंजून बसलंय. असल्या मालाला कोण काय करणार?"

"बरं," साहेब म्हणाले आणि कागदावर लिहू लागले. "कुलूप निकृष्ट दर्जाचे, गंजलेले, त्यामुळे..."

मिस्त्री उठला. बायकोने त्याचा सदरा धरला.

"अहो, बसा. पंधरा मिनिटं राहिलीत. लिहू दे त्यांना काय लिहायचं ते."

तो बसला. साहेबांचं पेन चालतच होतं. पुढच्या क्षणी सदरा तिच्या हातातून निसटला आणि मिस्त्री गल्ली ओलांडून पायरीवर उभा होता.

"गंजलंय? दर महिन्याला तेल पडतंय त्याच्यात! तुम्हाला उघडता येत नाही ते सांगा ना." चावीवाल्याच्या हातातली तार त्याने काढून घेतली. "आत सात लिव्हर आहेत, सात पट्ट्या. तिसरी उलटी बसवलीय मी. ती आधी उचलायची, मग बाकीच्या. असं. बघताय ना?"

त्याने दाराला कान लावला, डोळे मिटले. कुलूप आवाजही न करता फिरलं.

"वा!" चावीवाला म्हणाला आणि अगदी मनापासून म्हणाला.

साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली. मिस्त्री त्या खोडलेल्या ओळीकडे समाधानाने पाहत राहिला. मग त्याला उघडं दार दिसलं. आत सकाळचे चहाचे दोन कप तसेच होते. पाचला दहा मिनिटं कमी होती.

पोलीस आत शिरला. साहेबांनी मिस्त्रीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आमच्याकडे कामाला येता का? महिन्याला आठ-दहा घरं उघडावी लागतात. हे चावीवाले दारं खराब करून ठेवतात."

एवढ्यात बायको गल्ली ओलांडून आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. मूठ उघडून चावी साहेबांच्या कागदावर ठेवली. दिवसभर आवळून धरल्याने तळव्यावर चावीचे दाते उमटले होते.

"एका दाराचे किती देता?" तिने विचारलं.