तीस वॅट

“ताई, दुकानातल्या डब्यावर पाचशे वॅट लिहिलंय आणि तुमच्या अण्णांच्या ॲम्प्लिफायरवर नुसतं तीस?” मंडपवाला म्हणाला. “गिऱ्हाईक आकडा बघतं हो. पाटी बदला, आत्ता नेतो.”

वडिलांना जाऊन महिना झाला होता. ती घर आवरायला आली होती. त्यांनी बांधलेला हा शेवटचा ॲम्प्लिफायर सकाळपासून वाजत होता.

“ते पाचशे क्षणभराचे,” ती म्हणाली. “अण्णा दिवसभर वाजवून बघायचे, मधूनमधून झाकणाला उलटा हात लावायचे. न दमता जेवढं निघेल, तेवढंच लिहायचे.”

तसाच उलटा हात त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आईच्या कपाळावर नऊ वर्षं ठेवला होता. आई पडली तेव्हा धाय मोकलून रडलेले नातेवाईक आठवड्यात पांगले. अण्णांचा आवाज कधी चढला नाही, आणि हातही कधी थकला नाही.

“न्यायचा तर तीसचाच न्या.”

मंडपवाल्याने झाकणाला हात लावला. कोमटच होतं. पाटीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

“असा दुसरा आहे का हो, ताई?”

“नाही,” ती म्हणाली. “असा दुसरा नव्हता.”